वायफायचे पहिले 16 मायक्रोसेकंद

राऊटर म्हणतो मी 5.2 गिगाहर्ट्झवर आहे, मोबाईल पण तेच म्हणतो, पण खरं बघायला गेलं तर दोघांचाही आकडा जरा जरा चुकलेलाच असतो, कारण ही फ्रिक्वेन्सी तयार होते आतल्या एका बारक्या क्वार्ट्झ क्रिस्टलवरून आणि तो गरम झाला की सरकतो. 1999 च्या 802.11ए या वायफाय स्टँडर्डनेच दहा लाखात 20 इतकी चूक चालवून घेतलीय. किरकोळ वाटते ना? एक वर सरकला, दुसरा खाली, की झाले 40, म्हणजे 208 किलोहर्ट्झचा फरक. आणि वायफायचे सबकॅरिअर, म्हणजे डेटा वाटून नेणाऱ्या बारक्या बारक्या फ्रिक्वेन्सी, एकमेकांपासून जेमतेम 312.5 किलोहर्ट्झवर! एकाचा डेटा दुसऱ्यात मिसळून सगळा काला होणार.

म्हणून डेटाच्या आधी 16 मायक्रोसेकंदांचा प्रिअँबल येतो, म्हणजे रिसीव्हरला आधीच माहीत असलेला ठरलेला सिग्नल. त्यात सुरुवातीला 0.8 मायक्रोसेकंदाचा एकच तुकडा दहा वेळा, सेम टू सेम. फ्रिक्वेन्सी जुळत असेल तर सगळे तुकडे सारखेच दिसतात, नसेल तर पुढच्या तुकड्याची फेज (लहर तिच्या फेऱ्यात कुठवर आलीय तो कोन) आधीच्यापेक्षा फिरलेली दिसते, 208 किलोहर्ट्झला साधारण 60 अंश. हा कोन मोजला की चूक किती ते कळलं, मग सिग्नल तेवढाच उलटा फिरवायचा, बस.

पण नॉइजमुळे हा अंदाज कच्चाच असतो, म्हणून मागोमाग 3.2 मायक्रोसेकंदांचे दोन लांब तुकडे येतात, त्यावरून मोजमाप बारीक होतं. मग आधीपासून लांबच का नाही पाठवत? तर तेवढ्या वेळात तीच चूक 240 अंश फिरते, आणि 240 पुढे की 120 मागे हे रिसीव्हरला ओळखताच येत नाही, तो बिनधास्त उलट्या बाजूला दुरुस्ती करून मोकळा होईल.

एवढं करूनही थोडं उरतंच. समजा फक्त 1 किलोहर्ट्झ उरलं, तर 4 मायक्रोसेकंदांच्या प्रत्येक सिम्बॉलमागे, म्हणजे डेटाच्या एकेका हप्त्यामागे, फेज 1.44 अंश सरकते आणि सरकतच राहते, 31-32 सिम्बॉलमध्ये 45 अंश, म्हणजे फेजच्या फक्त चार कोनांत डेटा भरणारं क्यूपीएसकेसुद्धा गंडलं, 64 जवळजवळच्या खुणा वापरणारं 64-क्वाम तर त्याच्या कितीतरी आधीच. यासाठी 52 पैकी 4 सबकॅरिअर डेटा नेतच नाहीत, त्यांना पायलट म्हणतात. त्यांच्यावर काय येणार हे रिसीव्हरला आधीच माहीत असतं, सो ते किती फिरले बघून दर सिम्बॉलला बाकीच्या 48 ना सरळ करायचं.

मला सगळ्यात भारी वाटते ती एक साधी अट, कॅरिअर (ती 5.2 गिगाहर्ट्झची मूळ लहर) आणि सिम्बॉलचं क्लॉक दोन्ही एकाच क्रिस्टलवरून घ्यायचे. त्यामुळे कॅरिअरची चूक दहा लाखात किती ते कळलं की सॅम्पलिंगची, म्हणजे सिग्नल ठरावीक वेळाने टिपायच्या क्लॉकची, चूकही आयतीच कळते, वेगळी मोजायची गरजच नाही.