होम इन्व्हेजन थरारपट आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया

राहत्या घरात परकी माणसे शिरतात, घरच्यांना तिथेच कोंडतात आणि पुढचे सगळे त्या चार भिंतींत घडते, अशा थरारपटांना ‘होम इन्व्हेजन’ म्हणतात. मराठीत घरफोडी म्हटले की चोरी आठवते आणि चोराला घर रिकामे हवे असते. या चित्रपटांतल्या घुसखोराला मात्र घरात माणसे हवी असतात. प्रेक्षक अस्वस्थ होतो तो मुळात यामुळे. भुताखेतांच्या चित्रपटांवरच्या प्रतिक्रियांपेक्षा इथल्या प्रतिक्रिया वेगळ्या पडतात. त्यांत भीतीइतकाच राग असतो, पात्रांच्या चुका काढणे असते आणि चित्रपट संपल्यावर दाराची कडी पुन्हा एकदा ओढून पाहणे असते.

भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाची कारणे सांगताना ओसाड घर आणि अरण्य यांचा उल्लेख येतो. भय जिथे वस्तीला असते तिथे माणूस चालत जातो, अशी ही कल्पना. बहुतेक भयकथा आजही याच वाटेने जातात आणि त्यामुळे प्रेक्षकाला एक पळवाट राहते : मी त्या पडक्या घरात जाणारच नाही. घुसखोरीच्या चित्रपटात ती वाट बंद होते, कारण भयच चालत घरी येते. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१९ मध्ये ज्या जर्मन शब्दावर निबंध लिहिला त्या ‘उनहाइमलिश’मध्ये ‘हाइम’, म्हणजे घर, दडलेले आहे. ओळखीचेच अनोळखी होऊन समोर आले की जे वाटते, त्यासाठी तो शब्द आहे. पडद्यावर आपलाच जिना, आपल्याच स्वयंपाकघराचे दार अचानक तसे दिसू लागते. नाट्यशास्त्रात सांगितलेली भयाची लक्षणे, म्हणजे हातापायांचा कंप, अंगावर काटा, चेहऱ्याचा रंग उडणे, आवाज फुटणे, अंधारात बसलेल्या प्रेक्षकांवर आजही जशीच्या तशी दिसतात.

या प्रकाराची मुळे रंगभूमीपर्यंत जातात. आंद्रे द लॉर्द यांच्या विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या एका फ्रेंच नाटकात घरापासून दूर असलेला नवरा टेलिफोनवर बायकामुलांची हत्या ऐकतो आणि काहीच करू शकत नाही. अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी १९०९ च्या ‘द लोनली व्हिला’ या मूकपटामध्ये हीच कल्पना घेतली, पण घरातली आई-मुली, दार तोडणारे दरोडेखोर आणि धावत येणारा बाप अशी दृश्ये आलटून पालटून दाखवून शेवटी सुटका केली. दिग्दर्शिका लोइस वेबर यांच्या १९१३ च्या ‘सस्पेन्स’मध्ये पडदाच त्रिकोणांत विभागून बायको, नवरा आणि घुसखोर एकाच वेळी दाखवले आहेत. बाप वेळेवर पोहोचतो की फोन कानाला लावून नुसता उभा राहतो, या दोन शेवटांवरच प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया आजतागायत विभागलेल्या आहेत.

सुटका होणाऱ्या चित्रपटांवरचा प्रतिसाद उघड असतो. किंकाळी, मग सुस्कारा, मग हसू. १९६७ च्या ‘वेट अंटिल डार्क’मध्ये ऑड्री हेपबर्न यांनी अंध स्त्रीची भूमिका केली होती. तिच्या घरात शिरलेल्यांशी बरोबरी साधण्यासाठी ती दिवे फोडते. त्या शेवटच्या आठ मिनिटांत चित्रपटगृहही कायद्याने परवानगी असेल तितके काळोखे केले जाईल, अशी जाहिरात तेव्हा केली होती. प्रेक्षकाला तिच्याच खोलीत बसवण्याची ही युक्ती होती आणि लोक ओरडले. डॉल्फ झिलमन या संशोधकाने या सुखाचे स्पष्टीकरण दिले आहे. भीतीने वाढलेली धडधड लगेच उतरत नाही. ती पुढच्या भावनेत मिसळते आणि सुटकेचा आनंद मूळच्यापेक्षा मोठा वाटतो.

सुटका झालीच नाही तर? धडधड तशीच राहते, तिला मिसळायला आनंद मिळत नाही. माझ्या मते या चित्रपटांवरचा राग इथून येतो आणि त्याचा सर्वांत स्पष्ट दाखला म्हणजे मिखाएल हानेके यांचा १९९७ चा ऑस्ट्रियन चित्रपट ‘फनी गेम्स’. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवातल्या खेळातून काही जण मधूनच उठून गेले. या चित्रपटात रक्तपात जवळजवळ सगळा पडद्याबाहेर होतो, तरी लोकांना तो असह्य झाला.

त्यातला सुरुवातीचा एक प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. तळ्याकाठच्या घरात एक तरुण येतो. पांढरे हातमोजे, मऊ आवाज. शेजाऱ्यांसाठी चार अंडी हवी आहेत म्हणतो. अंडी त्याच्या हातून पडतात. तो माफी मागतो, पुन्हा अंडी मागतो आणि मधल्या वेळात ओट्यावरचा फोन त्याच्या धक्क्याने पाण्यात पडतो. अजून कोणी कोणाला मारलेले नाही. घरची बाई त्याला निघून जा म्हणू शकत नाही, कारण तो सभ्यपणे बोलतोय आणि तिला असभ्य दिसायचे नाही. अनेक प्रेक्षकांना पुढच्या क्रौर्यापेक्षा ही अंडी जास्त लक्षात राहतात. दार उघडण्याआधी कोणते सौजन्य आपल्याला आडवे येते, हे इतक्या जवळून क्वचितच दाखवले गेले आहे. पुढे ती बाई बंदूक हिसकावून दोन घुसखोर तरुणांपैकी एकाला गोळी घालते आणि प्रेक्षक सुखावतो, तोच त्याचा साथीदार रिमोट शोधून ते दृश्य मागे फिरवतो आणि घडलेले पुसून टाकतो. चित्रपटगृहात चीड उसळते ती नेमकी इथे. आपल्याला हिंसा हवीच होती, फक्त आपल्या बाजूने हवी होती, हे प्रेक्षकाच्या पदरात टाकले जाते. हानेके यांनी दहा वर्षांनी इंग्रजीत हाच चित्रपट जवळजवळ चौकटीला चौकट जुळवून पुन्हा केला आणि प्रतिक्रियाही तशाच दुभंगल्या : कोणी त्याला आवश्यक म्हटले, कोणी प्रेक्षकाला उपदेश करणारा छळ.

सर्वांत जास्त ऐकू येणारी प्रतिक्रिया मात्र वेगळीच आहे. ‘ती वर का पळाली?’ ‘त्याने फोन हातातून खाली का ठेवला?’ ‘दोघे वेगळे का झाले?’ समीक्षक याला पटकथेतली भोके म्हणतात आणि पुष्कळदा ती असतातही. पण तेवढ्यावर विषय संपत नाही. मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर यांनी मांडलेल्या न्याय्य-जग-विश्वासानुसार वाईट गोष्ट घडली की आपण ती ज्याच्यावर ओढवली त्याचीच चूक शोधतो, कारण चूक सापडली तर ती टाळता येते आणि जग पुन्हा सुरक्षित होते. चुका काढणारा प्रेक्षक उदासीन नसतो. तो त्या घरातून बाहेर पडायचा रस्ता शोधत असतो. प्रत्यक्ष संकटात शरीर थिजते, हात उचलत नाही, आवाज निघत नाही, ही माणसाची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. थिजलेल्या पात्राला मूर्ख ठरवणे म्हणूनच मला अन्यायाचे वाटते, विशेषतः असे काही भोगलेली व्यक्ती शेजारी बसलेली असू शकते तेव्हा.

चूक सापडत नाही तिथे अस्वस्थता टिकते. ब्रायन बर्टिनो यांच्या २००८ च्या ‘द स्ट्रेंजर्स’मध्ये बळी ठरणारी स्त्री घुसखोरांना कारण विचारते. उत्तर एवढेच की तुम्ही घरी होतात. याच चित्रपटातले ते गाजलेले दृश्य : ती स्वयंपाकघरात उभी आहे आणि मागच्या अंधारात तोंडावर कापडी मुखवटा चढवलेला माणूस येऊन थांबतो. संगीत नाही, कॅमेरा झेप घेत नाही, तिला पत्ताही नाही. काही प्रेक्षकांना तो उशिरा दिसतो. ज्याला दिसतो तो शेजाऱ्याचा हात धरतो. दचकवणाऱ्या आवाजाने बसणारा धक्का दोन क्षणांत ओसरतो; हे दृश्य घरी पोहोचल्यावर पाठीमागे वळून पाहायला लावते.

असे उरलेले भय किती टिकते, यावर क्रिस्टन हॅरिसन आणि जोॲन कँटर यांचा १९९९ चा अभ्यास आहे. अमेरिकेतील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांत बहुतेकांना लहानपणी किंवा किशोरवयात पाहिलेले काही ना काही भीतिदायक आठवत होते आणि सुमारे एक चतुर्थांश जणांत त्याचा परिणाम अजून शिल्लक होता. दुसरीकडे मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी ‘निरुपद्रवी आत्मपीडन’ ही कल्पना मांडली आहे : शरीराला धोका वाटतो, मनाला माहीत असते की धोका नाही, आणि त्या अंतरातच मजा असते. होम इन्व्हेजन प्रकार हे अंतर कमी करतो, कारण प्रेक्षकाला परत जायचे असते ते घरातच. घरी एकट्याने पाहिल्यास तर तेही उरत नाही.

‘हे खरे घडले आहे का?’ हा प्रश्नही ठरलेला. ‘द स्ट्रेंजर्स’ सत्य घटनांवरून सुचल्याचा दावा करतो. त्यामागे बर्टिनो यांची लहानपणीची एक आठवण होती. कोणीतरी दार ठोठावून तिथे न राहणाऱ्या माणसाची चौकशी केली होती आणि नंतर कळले की अशीच दारे ठोठावून परिसरातली रिकामी घरे फोडली जात होती. १९५५ च्या ‘द डेस्परेट अवर्स’ची पार्श्वभूमी अधिक वेदनादायक आहे. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात तुरुंगातून पळालेल्या तिघांनी एका कुटुंबाला त्यांच्याच घरात १९ तास ओलीस ठेवले. त्यांनी कोणालाही इजा केली नाही, उलट सभ्यतेने वागले. हा चित्रपट ज्यांवरून निघाला त्या कादंबरीत आणि नाटकात मात्र मारहाण आली. नाटक रंगभूमीवर आले तेव्हा ‘लाइफ’ मासिकाने नटांना त्या कुटुंबाच्या जुन्या घरात नेऊन प्रसंगांची छायाचित्रे घेतली आणि नाटक म्हणजे त्यांचीच हकिकत असे छापले. तोवर ते कुटुंब प्रसिद्धी नको म्हणून गाव सोडून गेले होते. त्यांनी दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे त्यांची बाजू पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रिचर्ड निक्सन यांनी मांडली. १९६७ मध्ये न्यायालयाने वृत्तपत्रस्वातंत्र्याचा आधार घेत कुटुंबाच्या बाजूने आधी लागलेला निकाल रद्द केला.