घनता आणि घुसमट: जागा तेवढीच, माणसंही तेवढीच, मग फरक कशाने पडतो?

वर्गात मुलं फार झाली, वसतिगृहात दाटी झाली, कार्यालयात धक्काबुक्की व्हायला लागली, की उपाय ठरलेला असतो. खोली मोठी करा, नाहीतर माणसं कमी करा. कधीकधी तोच उपाय बरोबर असतो. पण पुष्कळदा चौरस फूट वाढवूनही चिडचिड, भांडणं आणि अभ्यासात लक्ष न लागणं जसंच्या तसं राहतं, कारण बिघाड मुळात क्षेत्रफळात नसतो. घनता आणि घुसमट या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकच धरून चालतो, तिथे गणित चुकतं.

घनता हा सरळ हिशेब आहे: इतकी माणसं, इतकी जागा, भागाकार करा. घुसमट भागाकारातून निघत नाही. आपण कुणासमोर कधी यायचं आणि कधी बाजूला व्हायचं हे आपल्या हातात उरलं नाही, की ती सुरू होते. डॅनियल स्टोकोल्स या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये हा भेद स्पष्ट मांडला. घनता ही भौतिक स्थिती आणि घुसमट ही माणसाची अवस्था. पहिलीतून दुसरी निर्माण होऊ शकते, होईलच असं नाही. खच्चून भरलेल्या मैदानात खांद्याला खांदा लावून सामना बघणाऱ्याला त्या दाटीचा त्रास होत नाही, उलट मजा येते. आणि दोनच माणसांच्या खोलीत, दुसरा कधी बाहेरच जात नसेल, तर जीव मेटाकुटीला येतो.

गर्दीचा विषय निघाला की प्राणिवर्तनाचे अभ्यासक जॉन कॅलहून यांच्या उंदरांचा दाखला हमखास दिला जातो. १९६२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांची संख्या वाढत गेली आणि त्यांचं समाजजीवन कोसळलं. माद्या पिल्लांकडे दुर्लक्ष करू लागल्या, नर आक्रमक झाले किंवा पार खचले. यावरून ‘गर्दी वाढली की विनाश’ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. मला मात्र त्या प्रयोगातला पिंजऱ्याचा नकाशा जास्त महत्त्वाचा वाटतो. खोलीचे चार कप्पे केले होते आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला उतार होते. मधल्या दोन कप्प्यांना दोन-दोन वाटा, टोकाच्या दोन कप्प्यांना एकच. टोकाच्या कप्प्यात एखादा बलवान नर त्या एकुलत्या वाटेपाशी ठाण मांडून बसायचा आणि आत कोण येणार ते ठरवायचा. तिथे उंदीर कमी राहिले आणि माद्यांनी पिल्लं बऱ्यापैकी सांभाळली. उरलेले सगळे मधल्या कप्प्यांत लोटले गेले, एकाच ठिकाणी खायला झुंबड करू लागले, आणि कोसळणं घडलं ते प्रामुख्याने तिथे. एकाच खोलीतल्या एकाच वसाहतीचं नशीब दारांच्या संख्येने वेगळं झालं. उंदरांवरून माणसांबद्दल फार काही ठरवू नये हे खरंच. पण ठरवायचंच असेल, तर नकाशाकडे डोळेझाक करून ठरवू नये.

माणसांच्या बाबतीत याहून भक्कम पुरावा आहे तो वसतिगृहांचा. अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात दोन प्रकारच्या इमारतींमधल्या विद्यार्थ्यांची तुलना केली आणि ती १९७७ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. एका इमारतीत लांबलचक मार्गिका, दोन्ही बाजूंना दोघा-दोघांच्या खोल्या, आणि मजल्यावरच्या सुमारे ३४ जणांना मिळून एक न्हाणीघर आणि एक बैठकीची खोली. दुसऱ्या इमारतीत दोन-तीन खोल्यांचे गट, प्रत्येक गटात चार ते सहा विद्यार्थी, आणि त्यांचं स्वतःचं न्हाणीघर व बैठक. माणशी जागा जवळपास सारखीच, म्हणजे घनतेत फरक नाही.

आता पहिल्या इमारतीतली एक सकाळ बघा. टॉवेल खांद्यावर टाकून दार उघडलं की समोर कोण असेल याचा नेम नाही. ३४ जणांपैकी कुणीही असू शकतं. काहींची नावं माहीत नाहीत, काहींशी बोलायची इच्छा नाही, एकाशी काल वाद झालेला आहे. न्हाणीघरापर्यंतच्या त्या वाटेवर प्रत्येकाला ओळख द्यायची की नजर चुकवायची, हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. दुसऱ्या इमारतीत दार उघडल्यावर भेटणारे चार-पाच चेहरे ठरलेले असतात. कोण सकाळी बोलतं आणि कोण बोलत नाही, हे आठवडाभरात कळून जातं.

परिणाम तसेच दिसले. मार्गिकेवर राहणाऱ्यांनी गर्दीची आणि नको असलेल्या गाठीभेटींची तक्रार जास्त केली. त्याहून गंभीर गोष्ट अशी की ही सवय इमारतीबाहेरही त्यांच्यासोबत गेली. दुसऱ्याच ठिकाणी, अनोळखी माणसाबरोबर वाट पाहत बसवलं, तर ते त्याच्यापासून लांब बसत आणि त्याच्याकडे कमी बघत. घराच्या नकाशाने लावलेलं वळण घराबाहेर टिकलं होतं.

पुढे बॉम यांनी ग्लेन डेव्हिस यांच्यासोबत केलेला प्रयोग (१९८०) मला या सगळ्या अभ्यासांत सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो निरीक्षणावर थांबत नाही, दुरुस्ती करून दाखवतो. सुमारे ४० विद्यार्थिनींच्या एका लांब मार्गिकेच्या मध्यावरच्या तीन खोल्या त्यांनी बैठकीसाठी काढून घेतल्या आणि दारं बसवली. एका मार्गिकेच्या दोन झाल्या, प्रत्येकीत साधारण २० जणी. राहण्याच्या खोल्या वाढल्या नाहीत, उलट तीन कमी झाल्या. तरीही इथल्या मुलींना न बदललेल्या मार्गिकेवरच्या मुलींपेक्षा गर्दी कमी जाणवली, मैत्री जास्त झाली, आणि खोल्यांची दारं जास्त वेळा उघडी दिसू लागली. भिंत घातल्याने माणसं दुरावतील ही आपली सर्वसाधारण भीती. इथे उलटं घडलं. भेटणाऱ्यांची संख्या आवाक्यात आल्यावर मुली स्वतःहून बाहेर आल्या.

शिकण्याशी याचा संबंध काय? घुसमटीची किंमत बहुतेक वेळा लगेच दिसत नाही. ड्र्यूरी शेरॉड यांच्या १९७४ च्या प्रयोगात शाळकरी मुलींना दाटीच्या खोलीत काम दिलं. साधी कामं त्यांनी ठीक केली. फरक नंतर दिसला: न सुटणारी कोडी समोर आल्यावर दाटीतून आलेल्या मुलींनी लवकर हात टेकले. पण ज्यांना ‘वाटलं तर बाहेर जाता येईल’ असं आधी सांगितलं होतं, त्या जास्त वेळ झटत राहिल्या. म्हणजे तासाला सगळी मुलं वही उघडून शांत बसलेली दिसली, एवढ्यावरून वर्ग ठीक आहे असं म्हणता येत नाही. अवघड गणितापाशी मूल किती वेळ टिकतं, ते बघावं लागतं.

घरांबाबतही असंच आढळलं आहे. गॅरी इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की दाटीच्या घरांपैकी ज्या घरांत शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचायला जास्त खोल्या ओलांडाव्या लागतात, तिथे राहणाऱ्यांना दाटीचा मानसिक त्रास कमी होतो. सगळं दारातूनच नजरेत येणारं घर फोटोत प्रशस्त दिसतं, पण त्यात आडोशाला जायला ठिकाण नसतं.

वर्गात हे करायला बांधकाम लागतंच असं नाही. कॅरोल वाइनस्टीन यांनी १९७७ मध्ये दुसरी-तिसरीच्या एका खुल्या वर्गाचा, म्हणजे मुलं आपल्या निवडीने वेगवेगळ्या भागांत काम करतात अशा वर्गाचा, अभ्यास केला. तिथे मुलं काही भागांत दाटायची, काही भाग ओस पडायचे, आणि विज्ञान व खेळांच्या भागाकडे मुली फारशा फिरकत नसत. फळ्या, कपाटं आणि बसण्याच्या जागा यांची मांडणी बदलल्यावर मुलं अधिक समान पसरली. क्षेत्रफळाला कुणी हात लावला नव्हता. अशा वर्गात मी आधी चालण्याच्या वाटा बघेन: दाराकडे जाणारी प्रत्येक वाट कुणाच्या पाठीला घासून जाते, आणि सर्वांना रोज लागणाऱ्या वस्तू एकाच कपाटात ठेवल्या आहेत का. आडोशाबाबत मात्र एक अडचण आहे. कमरेएवढी कपाटं नजर अडवतात, आवाज अडवत नाहीत. ज्या मुलाला शेजारच्या गटाच्या बोलण्याचा त्रास होतो, त्याला अशा आडोशाने फारसं काही मिळत नाही.

एवढं वाचून ‘मग मांडणी सुधारली की कितीही मुलं कोंबता येतील’ असं कुणी म्हणेल, तर ते साफ चूक आहे. मुलामागच्या जागेलाही एक खालची हद्द असते. पीटर स्मिथ आणि केव्हिन कॉनॉली यांनी १९८० मध्ये बालगटांवर केलेल्या कामात मुलामागची जागा आणि खेळणी वेगवेगळी बदलून पाहिली. जागा ७५ चौरस फुटांवरून २५ वर आली तोवर मुलांच्या भांडणांत फार फरक पडला नाही. १५ वर आल्यावर आक्रमकता वाढली. त्या हद्दीखाली गेलेल्या वर्गाला कपाट सरकवून दिलासा मिळणार नाही. तिथे दुसरी खोलीच लागते, आणि ती मागायला गेलेल्या शिक्षकांना मांडणीचे सल्ले देऊन कुणी परत पाठवत असेल, तर शिक्षकांनी मुलामागे किती चौरस फूट येतात तो आकडा कागदावर लिहून पुन्हा मागणी करावी.