क्राइस्टचर्चचे आर्ट्‌स सेंटर

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील क्राइस्टचर्च शहराच्या मध्यभागी, जुन्या कँटरबरी कॉलेजच्या दगडी इमारतींमध्ये असलेले सार्वजनिक कलाकेंद्र. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, भाषेतील त्याचे नाव ‘ते मातातिकी तोई ओरा’ असे आहे; त्यातल्या ‘मातातिकी’ शब्दाचा अर्थ झरा. वूस्टर बुलेव्हार्ड, रोलस्टन ॲव्हेन्यू, हेरेफर्ड स्ट्रीट आणि माँट्रिऑल स्ट्रीट या चार रस्त्यांमध्ये हा परिसर सामावलेला आहे. आवारात एकूण २३ वास्तू असून त्यांतील बहुतेक देशाच्या वारसा यादीत सर्वोच्च श्रेणीत नोंदलेल्या आहेत.

कँटरबरी कॉलेजची स्थापना १८७३ साली झाली. त्याची पहिली इमारत, म्हणजे घड्याळाचा मनोरा असलेला भाग, १८७७ मध्ये उभी राहिली आणि १८८२ मध्ये तिच्या शेजारी ग्रेट हॉल हे सभागृह बांधले गेले. दोन्हींचा वास्तुविशारद बेंजामिन माउंटफोर्ट. मुलींच्या आणि मुलांच्या शाळांच्या इमारतीही याच काळात इथे झाल्या; पुढे शाळा दुसरीकडे गेल्यावर त्या कॉलेजने वापरात घेतल्या. शैली गॉथिक पुनरुज्जीवनाची: टोकदार कमानी, उंच त्रिकोणी दर्शनी भिंती, उतरती छपरे. जवळच्या टेकड्यांमधला करडा काळवत्री दगड आणि खिडक्या-कमानींच्या कडांना ओआमारूचा पांढरा चुनखडक, ही इथल्या बांधकामाची ओळख. मुंबईचा राजाबाई टॉवर त्याच दशकातला. तो पाहिलेल्या मराठी वाचकाला इथली वळणे परकी वाटणार नाहीत.

वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या वर्षी बांधलेल्या या इमारती एकसंध वाटतात याचे श्रेय माउंटफोर्टचा शिष्य सॅम्युएल हर्स्ट सीगर याला द्यायला हवे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याने कमानदार ओवऱ्यांनी इमारती एकमेकींना जोडल्या आणि मध्ये मोकळे चौक राखले. आपल्याकडच्या चौसोपी वाड्यात चौकाभोवती घर फिरते, तसे इथे चौकांभोवती कॉलेज फिरत होते. कलाकेंद्र म्हणून हा परिसर इतका चांगला चालला, त्यामागे या चौकांचा वाटा मोठा आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. चित्रे पाहायला आलेला माणूस ओवरीतून चालताना शेजारच्या खोलीतली तालीम ऐकतो. एकाच मोठ्या दालनाच्या आधुनिक इमारतीत हे सहज घडत नाही.

कॉलेजच्या काळातील माणसांची नावे आजही इथे सांगितली जातात. हेलन कॉनन हिने १८८१ मध्ये ऑनर्ससह एम.ए. पदवी मिळवली, ब्रिटिश साम्राज्यात असा मान मिळवणारी ती पहिली स्त्री मानली जाते. आपिराना ङाटा हा न्यूझीलंडमधील विद्यापीठाची पदवी पूर्ण करणारा पहिला माओरी विद्यार्थी इथलाच. भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफर्ड १८९० पासून इथे शिकला आणि तळघरातल्या एका थंड, अरुंद खोलीत त्याने लोखंडाच्या चुंबकत्वावर सुरुवातीचे प्रयोग केले. ही जागा आता ‘रदरफर्ड्‌स डेन’ या नावाने लोकांसाठी खुली आहे. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर १९३७ ते १९४५ या काळात इथे शिकवत होता. १८८२ मध्ये सुरू झालेल्या कलाशाळेतून चित्रकर्ती रीटा अँगस घडली, तर १९४० च्या दशकात कादंबरीकार ङायो मार्श हिने इथल्या छोटेखानी नाट्यगृहात विद्यार्थ्यांना घेऊन शेक्सपिअरची नाटके बसवली. म्हणजे कला इथे १९७० नंतर पाहुणी म्हणून आली नाही, ती आधीपासूनच घरची होती.

कॉलेजचे पुढे विद्यापीठ झाले; त्याला जागा अपुरी पडू लागल्यावर ते शहराच्या पश्चिमेकडील इलम भागात हलले. हे स्थलांतर १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालले. रिकाम्या झालेल्या इमारती १९७८ मध्ये एका विश्वस्त मंडळाच्या हाती आल्या. नगरवासीयांसाठी त्या जपायच्या आणि कला, शिक्षण व संस्कृतीसाठी वापरायच्या, ही त्या मंडळाची जबाबदारी. कोर्ट थिएटर ही व्यावसायिक नाट्यसंस्था १९७६ पासूनच इथे नाटके करू लागली होती. पाठोपाठ नृत्यशाळा, चित्रपटगृह, कारागिरांची दुकाने, खानावळी आणि शनिवार-रविवारचा हस्तकलांचा बाजार आला. खोल्यांचे भाडे हा उत्पन्नाचा मोठा आधार. जुनी वास्तू नुसती कुलूपबंद जपली तर छपराची गळतीसुद्धा वेळेवर कळत नाही. रोज माणसांचा वावर असला की कळते, आणि दुरुस्तीचे पैसेही काही प्रमाणात तिथूनच येतात.

४ सप्टेंबर २०१० रोजी ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. पण खरा आघात २२ फेब्रुवारी २०११ च्या दुपारचा. त्या भूकंपाचे केंद्र शहराच्या अगदी जवळ आणि उथळ होते. क्राइस्टचर्च परिसरात १८५ जण मृत्युमुखी पडले. केंद्रातील एक इमारत वगळता बाकी सर्वांचे नुकसान झाले. लोखंडाचा आधार नसलेले दगडी बांधकाम वरून येणारे वजन शतकानुशतके पेलते, मात्र आडव्या हादऱ्यात दगड आणि चुना एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत. धुराडी, मनोरे आणि त्रिकोणी भिंती आधी ढासळतात. इथेही तेच झाले. तरीही परिसर भुईसपाट झाला नाही, कारण काही इमारतींना आधीच्या दशकांत आतून बळकटी दिलेली होती. शहरातल्या अनेक जुन्या वास्तू भूकंपानंतर पाडाव्या लागल्या, हे लक्षात घेतले की त्या न दिसणाऱ्या कामाचे मोल कळते.

पुनर्बांधणीचा खर्च सुमारे २९ कोटी न्यूझीलंड डॉलर धरण्यात आला. विम्याची रक्कम आणि देणग्या यांवर काम सुरू झाले. ढासळलेले दगड शक्य तिथे पुन्हा वापरले गेले. पोलाद व काँक्रीटचे नवे आधार भिंतींच्या आत आणि छपरांमध्ये असे बसवले की पाहणाऱ्याला जुनेच रूप दिसावे. ग्रेट हॉल २०१६ मध्ये पुन्हा खुला झाला आणि पुढच्या वर्षी तो व घड्याळ-मनोऱ्याची इमारत यांच्या जतनकार्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. कोर्ट थिएटर मात्र परतले नाही. भूकंपानंतर ते ॲडिंग्टन भागातल्या जुन्या धान्यगोदामात गेले. उलट, कधीकाळी जागा सोडून गेलेल्या विद्यापीठाने रसायनशास्त्राच्या जुन्या इमारतीत आपला संगीत आणि प्राचीन ग्रीक-रोमन अभ्यासाचा विभाग आणला. तिथल्या टीस संग्रहालयात त्या काळातील मृत्पात्रे मांडलेली आहेत.

पैशांची ओढाताण संपलेली नाही. २०२४ मध्ये नगरपरिषदेच्या दीर्घकालीन आराखड्याच्या मसुद्यात केंद्राच्या नेहमीच्या अनुदानाची तरतूद नव्हती, आणि नागरिकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला.

परिसरातील १८९६ च्या वेधशाळेचा मनोरा फेब्रुवारीच्या भूकंपात कोसळला. आतली दुर्बीण १८६४ सालची, इंग्लंडच्या टॉमस कुक यांच्या कारखान्यातली, जेम्स टाउनसेंड या नागरिकाने कॉलेजला भेट दिलेली. ती ढिगाऱ्यात मोडून पडली, पण भिंग शाबूत निघाले. दुर्बीण दुरुस्त झाली, मनोरा पुन्हा बांधला गेला, आणि त्याच भिंगातून लोकांना आता आकाश पाहता येते.