स्पर्धेचा अर्ज भरण्याआधी सरांचा दाखला पाहा

आम्ही मार्शल आर्टचे गणवेश आणि बेल्ट शिवतो. मापं देताना क्लासचालक हमखास विचारतात, "आमचे सर ब्लॅक बेल्ट आहेत, मग मुलांना स्पर्धेत उतरवता येईल ना?" त्या प्रश्नासाठी हे पत्रक.

काळा बेल्ट आम्हीही शिवून देतो, त्यामुळे नुसता बेल्ट हा पुरावा होत नाही. आयोजक पाहतात तो दाखला, आणि तो देणारी संस्था त्या स्पर्धेला मान्य आहे का, हे. डॅनची, म्हणजे ब्लॅक बेल्टमधल्या श्रेणींची, पद्धत ज्युदोत जिगोरो कानो यांनी सुरू केली. 1882 मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा काढल्यावर पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या दोन शिष्यांना पहिला डॅन दिला. कराटेत गिचिन फुनाकोशी यांनी 1924 मध्ये पहिले डॅन दिले. म्हणजे डॅन मुळात गुरूने आपल्या शिष्याला दिलेला. पुढे प्रत्येक शैलीच्या संघटनांनी आपापल्या परीक्षा ठेवल्या, म्हणून एका संघटनेचा तिसरा डॅन दुसरीच्या नोंदवहीत सापडेलच असं नाही.

तायक्वांदोत चित्र बरंच स्पष्ट आहे. वर्ल्ड तायक्वांदो या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत खेळाडूकडे कुक्कीवॉनचा (तायक्वांदोचं कोरियातलं मुख्यालय) किंवा वर्ल्ड तायक्वांदोचा डॅन अथवा पूम (लहान मुलांसाठी डॅनच्या जागची श्रेणी) दाखला लागतो. शिकवणाऱ्यांसाठी कुक्कीवॉनचा मास्टर प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम आहे आणि त्याची सर्वांत खालची, तिसरी श्रेणी चौथ्या डॅनपासून मिळते. पहिल्यावरून दुसऱ्या डॅनला किमान 1 वर्ष, तिसऱ्याला आणखी 2, चौथ्याला आणखी 3, अशी एकूण 6 वर्षं जातात. तुमचे सर आज पहिल्या डॅनवर असतील तर घाई करून उपयोग नाही. तोवर चौथ्या डॅनच्या एखाद्या वरिष्ठ प्रशिक्षकाशी क्लास जोडून घ्या. यात कमीपणा मुळीच नाही, उलट मुलांच्या परीक्षाही रीतसर होतात.

ब्राझिलियन जिउजित्सूतही 6 वर्षांचाच हिशेब येतो. आयबीजेजेएफ या त्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार ब्लॅक बेल्टसाठी वय किमान 19 लागतं आणि दुसऱ्याला ब्लॅक बेल्ट द्यायचा तर देणारा किमान दुसऱ्या डिग्रीचा (ब्लॅक बेल्टनंतरची श्रेणी) हवा. पहिल्या दोन्ही डिग्र्यांना प्रत्येकी 3 वर्षं लागतात.

शिकवणारे सर आणि मॅटशेजारी बसणारा कोच, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत कोचचा परवाना वेगळा काढावा लागतो. डॅन कितीही वरचा असला तरी परवान्याशिवाय कोचच्या खुर्चीवर बसता येत नाही. हे ऐन स्पर्धेच्या सकाळी कळलं, तर मुलाला लढतीत एकट्यानं उभं राहावं लागतं. आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच.

अर्ज पाठवण्याआधी सरांच्या आणि मुलांच्या दाखल्यांवरची नावं ओळखपत्राशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. प्रमाणपत्राचा क्रमांक फोटोवरून नको, मूळ कागदावरून उतरवा. स्पर्धेची नियमावली दरवेळी नव्याने वाचा, गेल्या वर्षीची चालणार नाही.

बेल्टवर भरतकाम हवं असेल तर ऑर्डरसोबत दाखल्याची प्रत जोडा. नाव आणि डॅनच्या पट्ट्या आम्ही त्यावरूनच काढतो. 15 वर्षांखालच्या मुलाला तायक्वांदोत डॅनऐवजी पूम मिळतो, तेव्हा ऑर्डरमध्ये 'पूम' असंच लिहा. तो बेल्ट अर्धा लाल, अर्धा काळा असतो आणि आम्ही तो वेगळा शिवतो.