ऑपरेशन आधी, नियम मागून

नवं औषध बाजारात आणायचं तर परवाना लागतो. नवं ऑपरेशन सुरू करायला बहुतेक ठिकाणी आजही तसा परवाना नाही. सर्जनला सुचलं, रुग्णानं सही केली, की काम सुरू. शस्त्रक्रिया म्हणजे हाताचं कसब, त्याला कसला आलाय कायदा, अशी जुनी समजूत.

या समजुतीला एक मोठा धक्का १९५९ साली सिएटलमध्ये बसला. हृदयविकारामुळे छातीत कळा येणाऱ्यांची छातीच्या भिंतीमागची एक रोहिणी बांधून टाकायची, ही तेव्हाची लोकप्रिय शस्त्रक्रिया. बरं वाटतं, असं रुग्णही सांगत. लिओनार्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी १७ रुग्ण घेतले. रोहिणी मोकळी करून झाली की सर्जनच्या हातात एक पाकीट पडे. आतल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असे : बांधा, किंवा बांधू नका. ८ जणांची बांधली, ९ जणांना नुसतेच टाके. आराम दोन्हीकडे सारखाच! ती शस्त्रक्रिया लवकरच मागे पडली. (रुग्णांना या चिठ्ठ्यांचा पत्ता नव्हता. आजची कुठलीही नैतिकता समिती हे चालू देणार नाही.)

वैद्यकीय उपकरणांना अमेरिकेत कायद्याची वेसण पडली ती १९७६ मध्ये, ‘डाल्कन शील्ड’ या तांबीसारख्या गर्भनिरोधक साधनानं अनेक स्त्रियांना गंभीर जंतुसंसर्ग झाल्यावर. पण त्या कायद्यात एक वाटही राहिली : नवं उपकरण बाजारातल्या एखाद्या जुन्या उपकरणासारखंच आहे, एवढं दाखवलं की बहुतेकदा माणसांवर नव्यानं चाचणी करावी लागत नाही.

मग आलं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन. जर्मनीत एरिक म्युहे यांनी ते १९८५ मध्ये केलं, तेव्हा व्यवसायबंधूंनी नाकं मुरडली. पाचेक वर्षांत चित्र असं पालटलं की रुग्णच त्याची मागणी करू लागले. अनेक सर्जन दोन दिवसांच्या शिबिरात डुकरावर हात बसवून परतत आणि थेट माणसाच्या पोटात दुर्बीण घालत. पडद्यावरचं चित्र सपाट, खोली कळत नाही. पित्ताशयाची बारीक नळी समजून मुख्य पित्तनलिकेलाच क्लिप लावली जाई, कापलीही जाई. पोटावरचा व्रण इंचभरही नाही, आणि आत आयुष्यभराचं दुखणं. शेवटी १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यानं सांगितलं, की आधी अनुभवी सर्जनच्या देखरेखीखाली किमान १५ ऑपरेशनं करा, मग स्वतंत्रपणे.

ब्रिटननं १९९६ मध्ये नव्या शस्त्रक्रियांची नोंदवही उघडली, पण ती ऐच्छिक होती. ज्याला नोंदवायचं नाही, तो नोंदवत नसे. तिकडे ब्रिस्टलमध्ये लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यूंचं प्रमाण जास्त असल्याचं उघड झालं होतं. त्यावरच्या चौकशीचा अहवाल २००१ मध्ये आला. आपल्यावरचा उपचार कितपत नवा आहे आणि करणाऱ्याला त्याचा अनुभव किती, हे कळण्याचा रुग्णाला हक्क आहे, असं त्यात म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी नव्या शस्त्रक्रिया तपासण्याचं काम ‘नाइस’ या सरकारी संस्थेकडे आलं. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या बैठकांमधून ‘आयडियल’ ही चौकट निघाली : पहिल्या रुग्णापासून दीर्घकालीन नोंदींपर्यंत पाच टप्पे. कागदावर उत्तम, पण सक्ती कुणाचीच नाही.

माझ्या मते खरा पहारा कृत्रिम सांध्यांच्या नोंदवह्यांनी केला. स्वीडननं गुडघ्यांची १९७५ मध्ये आणि खुब्यांची १९७९ मध्ये सुरू केली, ऑस्ट्रेलियानं १९९९ मध्ये. बसवलेला सांधा किती वर्षांनी पुन्हा काढावा लागला, हा एवढाच साधा हिशेब. ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा खुबा १९७६च्या कायद्यातल्या त्या ‘जुन्यासारखंच नवं’ वाटेनं अमेरिकेत आला होता. तो अपेक्षेपेक्षा फार लवकर काढावा लागतोय, हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदींत दिसलं. २०१० मध्ये कंपनीनं तो जगभरातून मागे घेतला, तोवर सुमारे ९३,००० बसवून झाले होते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात गर्भाशय दुर्बिणीतून काढण्याची पद्धत तर दोन दशकांहून जास्त काळ वापरात होती. तिची पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेशी ६३१ स्त्रियांवरची तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. साडेचार वर्षांनंतर रोग न उलटलेल्या स्त्रिया उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के, दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. या आजारापुरते अनेक सर्जन पुन्हा पोटावरच्या लांब छेदाकडे वळले.