मात्रा चालत नाही, पण कशामुळे?

उंदराला मॉर्फिन हे वेदनाशामक टोचलं, अर्धा तास जाऊ दिला आणि त्याला गरम पट्टीवर सोडलं. ही पट्टी साधारण ५२ ते ५५ अंश सेल्सिअसला ठेवलेली असते. औषध न दिलेला उंदीर काही सेकंदांतच मागचा पाय उचलून चाटतो किंवा सरळ उडी मारतो. तेवढं दिसलं की घड्याळ थांबवायचं आणि त्याला उचलायचं. मॉर्फिन लागू पडलं असेल, तर तो बराच वेळ त्या उष्णतेची दखलच घेत नाही. पुष्कळदा त्याची शेपटी ताठ होऊन पाठीवर वळलेली असते. (या शेपटीची नोंद जर्मन औषधशास्त्रज्ञ श्ट्राउब यांनी १९११ मध्ये केली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.) पाय भाजू नयेत म्हणून ठरावीक सेकंद झाले की उंदराला उचलतातच, मग त्याने पाय चाटलेला असो वा नसो.

आता समजा, मॉर्फिन देऊनही त्याने लगेच पाय चाटला. मात्रा चालली नाही. इथे दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. या उंदराला मॉर्फिन मुळातच कमी लागू पडतं, की आधी पडायचं आणि आता त्याला सवय झाली आहे? मात्रा आणि परिणाम यांच्या आलेखावर दोन्ही सारख्याच दिसतात: तेवढाच परिणाम साधायला जास्त मात्रा लागते आणि वक्ररेषा उजवीकडे सरकते. नुसती ती रेषा दाखवून कोणी कारण सांगू लागलं, तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मुळातच कमी म्हणजे काय, ते सीएक्सबीके या वाणात छान दिसतं. बाल्ब/सी आणि सी५७ब्लॅक/६ या दोन वाणांचा संकर करून, पुढे पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या बहीणभावांच्याच जोड्या लावून तो तयार केला. आयुष्यातला पहिलाच डोस असला तरी मॉर्फिन त्याला बेताचंच लागू पडतं, कारण मॉर्फिन पेशीवरच्या ज्या म्यू रिसेप्टर या प्रथिनाला चिकटून काम करतं ते रिसेप्टरच त्याच्या मेंदूत कमी असतात. गंमत म्हणजे रिसेप्टरच्या रचनेत खोट नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार फरक आहे तो हा रिसेप्टर घडवणाऱ्या ओपीआरएम१ या जनुकाच्या संदेशाच्या (म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या प्रथिनाच्या कृतीच्या, एमआरएनएच्या) शेवटच्या भागात, ज्यापासून प्रथिन बनतच नाही. सीएक्सबीकेमध्ये हा भाग नेहमीपेक्षा लांब असतो आणि संदेशाच्या प्रतीही कमी निघतात. रिसेप्टर चांगला, पण संख्येने तोकडा. हेच जनुक पूर्ण निकामी केलेले उंदीर १९९६ मध्ये तयार झाले, तेव्हा तर मॉर्फिनने वेदना शमणं, त्याची गोडी लागणं आणि ते सुटताना होणारी तडफड, तिन्ही एकदम नाहीशी झाली.

सवयीचं प्रकरण वेगळं. इथे पहिला डोस झकास लागू पडतो. उंदराच्या कातडीखाली मॉर्फिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी बसवली, की ती हळूहळू विरघळत राहते आणि तीन दिवसांत नेहमीची मात्रा अपुरी पडू लागते. रिसेप्टर आहेत, पण पेशींनी औषधाशी जुळवून घेतलं आहे. अशा उंदराला नॅलोक्सोन हा मॉर्फिनचा उतारा टोचला, तर मॉर्फिन रिसेप्टरवरून हुसकावलं जातं आणि उंदीर उड्या मारू लागतो, एकामागून एक, काचेच्या उभ्या नळकांड्यात. संशोधक त्या उड्या चक्क मोजतात. मॉर्फिन कधीच न मिळालेला सीएक्सबीके नॅलोक्सोनने अशा उड्या मारत नाही. शिवाय औषध काही काळ बंद ठेवलं की सवय बरीचशी ओसरते; जन्मजात उणीव कुठे जात नाही.

इथवर वाचून वाटेल की पहिली गोष्ट जनुकांची आणि दुसरी अनुभवाची. नेमकी इथेच फसगत होते. सवय किती लवकर जडते, जडते की नाही, हेही जनुकांवर अवलंबून असतं. १२९ नावाच्या घराण्यातल्या काही उंदरांना पहिल्या डोसाचा गुण नीट येतो, पण दिवसेंदिवस मॉर्फिन देऊनही तो फारसा घटत नाही. बीटा-अरेस्टिन-२ हे प्रथिन नसलेल्या उंदरांत मॉर्फिनचा परिणाम अधिक आणि जास्त वेळ टिकतो, हे १९९९ मध्ये दिसलं. पुढच्याच वर्षी कळलं की गरम पट्टीच्या चाचणीत त्यांना सवय जडत नाही, पण नॅलोक्सोन दिलं की तडफड होतेच. म्हणजे सवय होणं आणि शरीर औषधावर अवलंबून राहणं हेसुद्धा एक नव्हे.

‘कमी संवेदनशील’ हा शब्दही जपून वापरावा. सी५७ब्लॅक/६ला गरम पट्टीवर मॉर्फिनचा गुण डीबीए/२ या दुसऱ्या वाणापेक्षा कमी येतो. पण त्याच औषधाने तो पिंजऱ्यात सैरावैरा धावत सुटतो आणि गोड पाण्यातून दिलं तर मॉर्फिन आवडीने पितो. डीबीए/२ धावतही नाही आणि ते पाणी टाळतो. मग जास्त संवेदनशील कोण? चाचणीचं नाव घेतल्याशिवाय उत्तरच नाही. आणि औषधाआधीची वेळ मोजलेली नसेल तर सगळंच मुसळ केरात: एखाद्या वाणाला मुळातच पट्टी लवकर चटका देते, आणि दोष मॉर्फिनवर येतो.

एक गुंता मात्र काटेकोर प्रयोगातही उरतो. जनुक निकामी केलेले बरेच जुने उंदीर १२९ च्या मूलपेशींपासून बनवले आणि मग सी५७ब्लॅक/६शी संकर करत नेले. अशा उंदराला मॉर्फिनची सवय जडली नाही, तर श्रेय निकामी केलेल्या जनुकाचं, की १२९ या पूर्वजाचं? दहा पिढ्या संकर केला, तरी त्या जनुकाला लागून असलेला १२९ चा तुकडा बहुतेक वेळा सोबत येतोच.