पाटीवर एक, पोटात दुसरंच: जुन्या गाडीचा टर्बो ओळखताना

मित्सुबिशीची लान्सर इव्हो वापरलेली गाडी म्हणून जपानमधून ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला भरपूर गेली. अशी गाडी तीन-चार मालकांच्या हातून फिरली, की त्यातल्या एखाद्याने टर्बो बदललेला असण्याची शक्यता मोठी. बिलं हरवलेली असतात. विकणारा "मोठा टर्बो टाकलाय" एवढंच सांगतो. नेमका कोणता, हे त्यालाही ठाऊक नसतं. माझं ठाम मत आहे, की गाडी एकदाही जोरात पळवण्याआधी या प्रश्नाचा छडा लावला पाहिजे. यात इंजिनचा जीव अडकलेला आहे.

टर्बोमध्ये इंजिनमधून बाहेर पडणारा तापलेला धूर टर्बाइनचं चाक फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचं चाक असतं. ते मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये पाठवतं. हवा वाढली की पेट्रोलही त्या मानाने वाढवावं लागतं आणि हा हिशेब गाडीतला संगणक, म्हणजे ईसीयू, करतो.

आता गफलत कुठे होते ते पाहा. बूस्ट म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब. त्याचा काटा १ बार दाखवतो तो दाबच, हवेचं प्रमाण नव्हे. मोठा कॉम्प्रेसर त्याच्या सोयीच्या टप्प्यात चालत असेल, तर तेवढ्याच दाबाला हवा कमी तापवतो. थंड हवा दाट असते. मोठ्या टर्बाइनमधून धूर सहज निघून जातो, त्यामुळे सिलिंडरमध्ये ताज्या हवेला जागा जास्त मिळते. काटा तोच, पण आत ऑक्सिजन जास्त. पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण पातळ होतं, तापमान चढतं, ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण भडकतं आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. इव्होमध्ये आत येणारी हवा मोजणारा सेन्सर आहे, त्यामुळे थोडाफार फरक ती सांभाळून घेते. तरी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आणि गाडीतला पेट्रोलचा पंप यांची मर्यादा ओलांडली, की तिचाही इलाज चालत नाही. ज्या गाड्या नुसत्या दाबावरून हवेचा अंदाज बांधतात, त्यांना एवढाही आधार नाही.

ओळख पटवायची सुरुवात टर्बोवरच्या नावाच्या पाटीपासून होते. इव्हो ९ च्या मूळ टर्बोचं नाव टीडी०५एचआर-१६जी६सी-१०.५टी. टीडी०५ हे टर्बाइनचं घराणं. एच म्हणजे जास्त धूर वाहू देणारं चाक. आर म्हणजे उलट्या दिशेने फिरणारा. १९९६ च्या इव्हो ४ मध्ये इंजिन १८० अंशांत फिरवून बसवलं, तेव्हापासून हा उलटा टर्बो आला. १६जी हे कॉम्प्रेसरचं चाक. १०.५ हे टर्बाइनच्या घरातल्या, म्हणजे चाकाभोवतीच्या कवचातल्या, वाटेचं क्षेत्रफळ, चौरस सेंटिमीटरमध्ये. शेवटचा टी म्हणजे धुराच्या दोन वेगळ्या वाटा. एका ओळीत जवळजवळ अख्खी कुंडली.

पण या ओळीवर विसंबू नका. मित्सुबिशीची १६जी नावाची चाकं एकाहून जास्त आहेत. धाकट्या १६जी चाकाच्या हवा ओढणाऱ्या तोंडाचा व्यास सुमारे ४६.५ मिमी आणि बाहेरचा ६० मिमी. थोरल्याचे, जे इव्हो ३ वर होतं, सुमारे ४८.३ आणि ६८ मिमी. त्याहून वाईट म्हणजे, पाटी बहुधा कॉम्प्रेसरच्या झाकणावर असते आणि ते झाकण सुटं होतं. ते लेथवर आतून मोठं करून त्यात वेगळंच चाक बसवलेले टर्बो सर्रास विकले जातात. पाटी मात्र जुनीच राहते.

म्हणून मोजमाप. इंजिन गार असताना हवेचा पाइप काढा, टॉर्च धरा आणि व्हर्निअर कॅलिपरने चाकाच्या तोंडाचा व्यास घ्या. पाती मोजा, त्यांचा बाक कुठल्या दिशेला आहे तेही पाहा. इव्हो ४ ते ९ चा टर्बो सुलट्या बाकाचा निघाला तर तो नक्कीच बदललेला. ओतीव चाकाचा पृष्ठभाग किंचित खरबरीत असतो, तर सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, कोरलेल्या चाकावर हत्याराच्या बारीक रेषा दिसतात. बाहेरचा व्यास मात्र झाकण उतरवल्याशिवाय मिळत नाही आणि तो मिळवण्याचा कंटाळा करू नये. तोंडाच्या व्यासाचा वर्ग भागिले बाहेरच्या व्यासाचा वर्ग, गुणिले १०० केलं की 'ट्रिम' निघतो. वरच्या दोन चाकांचा ट्रिम धाकट्याचा ६०, थोरल्याचा साधारण ५०. म्हणजे आकडा लहान, चाक मोठं! नुसता ट्रिम सांगणाऱ्या जाहिरातीवरून आकार कळत नाही, तो यामुळेच.

टर्बाइनच्या घरावर गंजाखाली ओतीव आकडे असतात. तारेच्या ब्रशने घासले की वर येतात. गॅरेट या कंपनीच्या टर्बोवर तिथे .६४ किंवा .८६ सारखा ए/आर आकडा दिसतो: वाटेचं क्षेत्रफळ भागिले मध्यापासूनचं अंतर. नळीचं तोंड बोटाने दाबल्यावर धार जोरात सुटते, तसा लहान ए/आरचा टर्बो लवकर वेग घेतो, पण इंजिनचे फेरे वाढल्यावर धुराला अडवतो.

आपल्याकडच्या स्कोडाच्या १.८ टर्बो ऑक्टाव्हियाचं काम त्या मानाने सोपं. तिच्या केकेके कंपनीच्या टर्बोचा क्रमांक ५३०३ ने सुरू झाला तर घराणं के०३, ५३०४ ने झाला तर के०४. झाकण बदललेलं नाही ना, ही खात्री मात्र इथेही करायलाच हवी.

मोजमापं आणि आकडे एकमेकांशी जुळेपर्यंत बूस्ट कंट्रोलर, म्हणजे दाब वाढवणारं उपकरण, काढून ठेवा, म्हणजे वेस्टगेटच्या, म्हणजे जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या, स्प्रिंगवर मिळेल तेवढाच दाब राहील. मग डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा वाइडबँड सेन्सर लावून मिश्रण तपासा. पूर्ण बूस्टवर पेट्रोल इंजिनला १ भाग पेट्रोलमागे साधारण ११ ते १२ भाग हवा मानवते. फेरे वाढताना आकडा १३ कडे सरकू लागला, तर तिथेच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा.